तिरुकोलक्काचा टाळ : काशाची जोडी ओतण्याच्या नोंदी

१९ जानेवारी, कुंभकोणम

पोंगलची गडबड सरली आणि ओदुवार अय्या दुकानात आले. शिवमंदिरात तेवारम, म्हणजे शिवाची जुनी तमिळ पदं, गाणाऱ्याला इकडे ओदुवार म्हणतात. फडक्यात बांधलेली टाळांची जोडी त्यांनी काउंटरवर सोडली. एका टाळाला कडेपासून मधल्या भोकापर्यंत तडा गेला होता. "तंबी, डाग देऊन होईल का?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

आमचं गाव विट्याजवळ, धंदा सोनं-चांदी आटवण्याचा. खानापूर-आटपाडीकडची आमच्यासारखी गलाईवाली माणसं तमिळनाडूच्या बहुतेक पेठांत आहेत. डाग देणं हे रोजचंच काम. टाकणखार लावून चांदीचा डाग दिला, तडा भरला, कानसून घेतला. दिसायला नवाकोरा. अय्यांनी दोऱ्या धरून टाळावर टाळ मारला, तर लाकडावर चमचा आपटल्यासारखा आवाज.

ही पहिली चूक. तडकलेलं कासं, म्हणजे तांबं-कथलाचं मिश्रण, डागाने जुळतं, पण वाजत नाही. डाग मऊ असतो, टाळाची थरथर तिथे येऊन जिरते. कुणाकडे असा टाळ आला तर डागावर तास घालवू नका, तो सरळ मुशीत टाका.

अय्या रागावले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी तिरुकोलक्काची गोष्ट सांगितली. तेवारमचे संतकवी ज्ञानसंबंधर सातव्या शतकातले. सीरकाळीच्या देवळाच्या तळ्यावर वडील बुडी मारून होते आणि काठावर तीन वर्षांचं पोर रडत होतं. पार्वतीने त्याला सोन्याच्या वाटीतून दूध पाजलं आणि पोराच्या तोंडून पद फुटलं. मग वडिलांच्या खांद्यावर बसून ते शेजारच्या तिरुकोलक्काला गेलं आणि तिथे हातांनी टाळ्या वाजवत गायलं. कोवळे तळहात दुखतील म्हणून शिवाने सोन्याचे टाळ दिले, त्यांवर पंचाक्षर, म्हणजे नमःशिवाय, होतं. शिवभक्तांची चरित्रं सांगणाऱ्या शेक्किळारांच्या पेरियपुराणात हे आलं आहे. पुढचं देवळातली माणसं सांगतात : सोन्याच्या टाळांना नाद नव्हता, तो देवीने दिला. म्हणून तिथल्या देवीचं नाव ओसै कोडुत्त नायकी. ओसै म्हणजे आवाज, तो देणारी ती.

हे ऐकलं आणि माझा हातच थांबला. बावीस वर्षं सोनं आटवतो आहे. शुद्ध सोन्याची ताव दिलेली पट्टी फरशीवर टाकली की थप्प होते. चांदीची टाकली की ती बोलते. डोळे मिटूनही आम्ही सांगू शकतो कुठली पडली ते. ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने सोनं हाताळलेलं होतं, यात मला शंका नाही.

अय्यांना म्हटलं, नवी जोडी मी करून देतो. मुदत ठरली वैकासी (मे-जून) महिन्यातल्या मूळ नक्षत्राची. ती संबंधरांची गुरुपूजा.

२१ जानेवारी

घरात आबांची टाळजोडी आहे, मी इकडे येताना त्यांनीच बांधून दिलेली. ती वारकरी टाळांची, जाड आणि खोल. अय्यांचे टाळ त्याहून लहान. दोन्ही मापून घेतले. अय्यांचे : व्यास ६० मिमी, मध्यात जाडी साडेचार, कडेला तीनच्या आसपास, एकेकाचं वजन ९६ आणि ९९ ग्रॅम. दोन टाळांचं वजन सारखं नसतं हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं, पण त्याचा अर्थ मार्चमध्ये कळला.

रात्री आबांना फोन केला. त्यांनी एकच गोष्ट सांगितली : "सपाट आपटून बघू नगंस. मदी हवा अडकती. कड कडेला लागली पायजे, जरा तिरकी." त्याप्रमाणे वाजवला आणि घड्याळ लावलं. आबांच्या टाळाचा नाद सात सेकंद ऐकू येतो. पुढचं सगळं मी याच सात सेकंदांवर मोजणार आहे.

२ फेब्रुवारी

पहिलं ओतकाम, पूर्ण वाया.

भंगारवाल्याकडून "जुनं कासं" म्हणून एक किलो भांडी आणली, ६५० रुपयांना. धातू तयारच आहे तर तांबं-कथील विकत कशाला घ्या, असा माझा हिशोब. मूस तापली तसा पांढरा धूर आणि मुशीच्या कडेला पांढरी बुरशी. तिथेच मी थांबायला हवं होतं, कारण पांढरा धूर म्हणजे जस्त आणि जस्त म्हणजे पितळ. तरी ओतलं, कारण साचा भरून ठेवला होता आणि दिवस मोडवत नव्हता. टाळ पिवळे निघाले, गुळगुळीत, एकही भोक नाही. वाजवले, दीड सेकंद.

हातोड्याने फोडायला गेलो तर फुटेना, वाकला. चांगलं कासं वाकत नाही, काचेसारखं मोडतं, आणि मोडलेली बाजू करड्या-पांढऱ्या रंगाची, बारीक कणांची दिसते. ही परीक्षा घेताना घ्यायची. भांड्याचा कोपरा मोडून दाखवायला भंगारवाला तयार नसेल तर ते भांडं घ्यायचं नाही. शिसं मिसळलेलं असेल तर आणखी वाईट, ते नाद खाऊन टाकतं.

८ फेब्रुवारी, तंजावर

नव्याने सगळं. तांब्याची सोललेली तार २ किलो, ८८० च्या भावाने १,७६०. कथील ६०० ग्रॅम, ३,२०० च्या भावाने १,९२०. प्रमाण शेकडा ७८ तांबं, २२ कथील. घंटेचं कासंही साधारण याच मापाचं असतं. कथील १८-१९ वर आणलं तर टाळ चिवट होतो पण नाद कमी पडतो, २५ च्या पुढे नेलं तर हातातच तडकतो.

कथीलवाल्याचं दुकान दुपारी बंद होतं. तीन तास हाताशी होते म्हणून मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वरात, गेलो. आपल्याकडून आलेला माणूस तिथल्या भिंतीवरचा मराठी लेख बघायला जातोच. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांचा इतिहास. मीही दरवेळी त्यापुढेच उभा राहायचो. या खेपेला अय्यांनी सांगितलेलं डोक्यात होतं : याच देवळाच्या दगडांवर राजराज चोळाने तिरुप्पदियम, म्हणजे हीच तेवारमची पदं, गायला नेमलेल्या ४८ जणांची नोंद आहे, सोबत उडुक्कै वाजवणारा एक आणि कोट्टिमद्दळम वाजवणारा एक, ही दोन्ही चर्मवाद्यं. प्रत्येकाला रोजचे तीन कुरुणी भात, कुरुणी हे धान्याचं माप. गाणाऱ्याची मजुरी हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिलेली. मजुरी वेळेवर मिळणं काय असतं हे गलाईवाल्याला कुणी सांगायला नको. मी त्या दगडांपाशी बराच वेळ बसलो.

राजराजाच्या आधी ही पदं जवळजवळ गेलीच होती. चिदंबरमच्या देवळात कोंडून ठेवलेल्या ताडपत्रांना वाळवी लागलेली, उरली तेवढी नंबी आंडार नंबींनी बांधून काढली. चाली हरवल्या होत्या. त्या बसवून दिल्या त्या याळ्पाणरांच्या कुळातल्या एका बाईने. तिरुनीलकंठ याळ्पाणर म्हणजे संबंधरांबरोबर गावोगाव फिरून याळ हे तारांचं वाद्य वाजवणारे. त्यांच्या घराण्यात तीन-चार शतकं चाली जिवंत राहिल्या होत्या.

१५ फेब्रुवारी

दुसरं ओतकाम. ३९० ग्रॅम तांबं, ११० ग्रॅम कथील. चूक एक नाही, तीन.

एक, तांबं आणि कथील एकदमच मुशीत टाकलं. कथील २३२ अंशांना पातळ होतं, तांब्याला १,०८५ लागतात. तांबं वितळेपर्यंत कथील वर जळत राहिलं आणि त्याची राख झाली. आधी तांबं, ते पाण्यासारखं झाल्यावर कथील, हलवायचं आणि लगेच ओतायचं, असा क्रम हवा.

दोन, सोन्याच्या सवयीने ताव जास्त दिला. सोन्याला ते चालतं. तांबं फार तापलं आणि कोळसा ओलसर असला की ते वायू पितं, आणि थंड होताना तो बाहेर टाकतं. टाळाच्या पाठीवर सुईने टोचल्यासारखी भोकं, मोजली तर चाळीसच्या वर.

तीन, साच्याची रेती ओली होती. ओतताना फट् असा आवाज होऊन धातूचा थेंब उडाला, माझ्या बुटावर पडला आणि चामडं जाळून आत गेला. बोटाला फोड आला, आठ दिवस चप्पल घालून फिरलो. मूठ आवळून सोडल्यावर रेतीचा गोळा टिकावा आणि तळहात कोरडा राहावा, एवढंच पाणी. हातमोजे आणि चष्मा होता. जाड बुटाशिवाय हे काम कुणी करू नये.

नाद साडेतीन सेकंद. भोकं असूनही पहिल्या जोडीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे धातू बरोबर आहे.

२२ फेब्रुवारी, नाच्चियारकोविल

कुंभकोणमपासून दहा-बारा किलोमीटर. पितळी समयांचं गाव. तिथले एक वयस्कर आसारी, म्हणजे धातूचे कारागीर, आमच्याकडे चांदी आणतात, त्यांना फुटका टाळ दाखवला. त्यांनी तो कानाशी धरून नखाने वाजवला, मग जिभेने चाटला. चाटून काय कळलं ते मी विचारलं नाही, आता विचारावंसं वाटतं.

त्यांनी कावेरीची गाळाची माती दिली, वंडल मण्ण म्हणतात. हातात घेतली तर पिठासारखी. एवढी बारीक की टाळावर बोटांचे ठसे उमटतात. मी बांधकामाची रेती चाळून वापरत होतो. साचा आदल्या दिवशी करून उन्हात ठेवायचा आणि ओतण्याआधी शेगडीवर गरम करायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मुशीत वरून जाड कोळशाची पूड टाकायची, धातूवर टोपी घातल्यासारखी.

१ मार्च

तिसरं ओतकाम. सगळं आसारी अय्यांच्या सांगण्याप्रमाणे. धातू कोळशाखाली झाकलेला, कथील शेवटी, एकदा हलवून लगेच साच्यात. अर्ध्या तासाने फोडून काढलं. काळपट, खरबरीत, पण अखंड. कडेचा ओघळ कापला, दोन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारली आणि दुकानातली दोन्ही पोरं मान वर करून बघायला लागली. सहा सेकंद.

संध्याकाळी कानसताना टाळ हातातून निसटला. फरशीवर पडून तीन तुकडे.

त्या रात्री जेवलो नाही. तुकडे गोळा करून डबीत ठेवले.

४ मार्च

तुकड्यांवर प्रयोग. आसारी अय्या फोनवर म्हणाले होते, लाल करून पाण्यात टाक. मला पटलं नव्हतं. छिन्नी लाल करून पाण्यात बुडवली की पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, हे प्रत्येक कारागिराच्या हाताला ठाऊक असतं. मग ठिसूळ कासं पाण्यात घातल्याने चिवट कसं होईल?

तरी करून बघितलं. एक तुकडा लाल करून पाण्यात टाकला, दुसरा लाल करून राखेत हळू थंड केला. दोन्ही शिकंजात धरून हातोडीने ठोकले. राखेतला पहिल्या ठोक्याला मोडला. पाण्यातल्याने सहा ठोके खाल्ले, किंचित वाकला, सातव्याला मोडला. पोलादाच्या अगदी उलट. इतकं कथील असलेलं कासं हळू थंड झालं की आत ठिसूळ कण तयार होतात, झटक्यात थंड केलं तर ते व्हायला वेळच मिळत नाही. वाचून हे मी कधी मानलं नसतं.

रंग महत्त्वाचा. अंधाऱ्या खोलीत चेरीसारखा लाल दिसला की बास. नारिंगी होऊ दिला तर पकडीतच चुरा होतो. एक तुकडा असाच गेला.

१५ मार्च

चौथं ओतकाम. आधीच्या जोडीचा धातू परत वापरला, वरून पाच ग्रॅम कथील टाकलं, कारण प्रत्येक आटणीत थोडं कथील जळतंच. लाल करून पाण्यात. मग लेथवर २ मिनिटं, ३०० रुपये. मधलं भोक हाताने पाडायला गेलो होतो आणि ते दोन मिमी सरकलं असतं, टाळ वाजताना डुलला असता. लेथवाल्याने मध्य काढून पाडलं.

आता सूर. इथे कानच लागतो. कडेने कानसून व्यास कमी केला की सूर चढतो, पोटातून खरवडलं की उतरतो. मी दोन्ही टाळ हुबेहूब एका सुरात आणले, दोन दिवस खपून, मोबाइलवर बघून. मोठ्या अभिमानाने अय्यांना बोलावलं. त्यांनी वाजवले आणि म्हणाले, "गोड आहे. पण हा एकच टाळ झाला, तंबी."

मग त्यांनी स्वतः कानस घेतली आणि एकाच्या पोटात चार-पाच हात मारले. परत वाजवला. नाद लाटेसारखा हलायला लागला, पाण्यावर ऊन हलावं तसा. दोन टाळांत केसभर फरक हवा, त्या फरकातून ही लाट येते. ९६ आणि ९९ ग्रॅमचं गूढ तेव्हा उलगडलं.

अय्यांनी तिथेच, भट्टीशेजारी, तिरुकोलक्काचं पद म्हटलं. संबंधर पोरवयात ज्यावर टाळ्या वाजवत होते तेच. त्याचा पण्ण, म्हणजे जुना तमिळ राग, तक्कराग, कर्नाटक संगीतातला कांभोजी, आपल्या खमाजाच्या घरातला. पहिल्याच ओळीत पाटाच्या पाण्यात उसळणारे मासे आहेत, तळ्यात न्हाणाऱ्या बाया आहेत, आणि तिथे तो राहतो. देवाचं नाव यायच्या आधी पाणी येतं. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो, अगदी आपल्या अभंगातल्या "तुका म्हणे"सारखं. मी टाळ धरायला गेलो, पण आपली भजनाची ठोक तिथे बसली नाही. अय्यांचा हात संथ होता, दोन ठोक्यांच्या मध्ये नादाला पूर्ण जागा देणारा.

जोडी झाली होती. इथेच थांबलो असतो तर मार्चमध्ये काम संपलं असतं.

२३ मार्च

शिवाने दिलेल्या टाळांवर पंचाक्षर होतं, तर यांवरही हवं, असं मी धरून बसलो. अय्यांनी मागितलं नव्हतं. तमिळमध्ये न, म, सि, वा, य ही पाच अक्षरं. चांदीच्या ताटावर नावं ठोकायचे पंच माझ्याकडे आहेत. "न" ठोकला, नीट उमटला. "म" ठोकला. "सि"च्या ठोक्याला अक्षराच्या टोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली. वाजवला. लाकडावर चमचा.

पाण्यात विझवून चिवट झालेलं कासंसुद्धा थंडपणी पंचाचा ठोका सोसत नाही. हे लाल असताना ठोकायचं किंवा कोरायचं, नाहीतर आधी साच्यातच घालायचं. मला हे माहीत असायला हवं होतं. उरलेला टाळ एकटा खिळ्याला टांगून ठेवला.

अय्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी याळ्पाणरांची गोष्ट सांगितली. धर्मपुरमला संबंधरांनी असं पद गायलं की ते याळवर उतरेना. तारा अपुऱ्या पडल्या. याळ्पाणर याळ फोडायला निघाले. संबंधरांनी हात धरला : जेवढं वाजेल तेवढं वाजवा. त्या पदाच्या चालीला आजही याळमुरी म्हणतात, याळ मोडणारी. अय्या एवढं बोलून गेले. मी दुसऱ्या दिवशी उरलेलं तांबं तोलायला घेतलं.

एप्रिल

काम बंद. अक्षय्यतृतीया जवळ आली की सोनारांकडून आटणी थांबत नाही. सीरकाळीत चित्रै महिन्यातला तिरुमुलैप्पाल उत्सव, दूध पाजल्याचा, तोही बघायला जाता आलं नाही. चार आठवडे टाळाला हात लागला नाही.

६ मे, स्वामीमलै

अक्षरं साच्यात घालायची तर रेतीचा साचा उपयोगी नाही, रेषा बुजतात. मेणाचा हवा. आसारी अय्यांनी स्वामीमलैच्या एका स्थपतींकडे पाठवलं, जे पंचधातूच्या मूर्ती ओततात. तीन दिवस त्यांच्या ओसरीवर बसलो.

मधमाश्यांचं मेण, कुंगिलियम नावाची राळ आणि शेंगदाण्याचं तेल. उन्हाळ्यात राळ वाढवतात, नाहीतर मेण हातात वितळतं. माझा पहिला मेणाचा टाळ दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवला आणि तो वाटीसारखा बसला. तेव्हापासून मेण पाण्याच्या घमेल्यात.

अक्षरं मी कोरली नाहीत, मेणाच्या बारीक दोऱ्या वळून टाळाच्या पाठीवर चिकटवली. उठावाची अक्षरं. खोदलेली अक्षरं टाळ पातळ करतात आणि तडा तिथूनच सुरू होतो, हे मी मार्चमध्ये शिकलो होतो. "वा"चा काना तीनदा तुटला. स्थपतींच्या घरातल्या आजी हे बघत होत्या, चौथ्यांदा त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि एका बोटाने बसवून दिली.

वर मातीचे तीन थर : पहिला वंडल मातीचा, दुसरा भातशेताच्या चिकणमातीत रेती मिसळून, तिसरा भरड. प्रत्येक थर सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला की भेगा. घाई केलेला एक साचा असाच टाकून दिला, दोन दिवस गेले.

१८ मे

पाचवं ओतकाम. मातीचा साचा शेणीच्या आगीत तापवला, मेण वाहून गेलं. साचा लाल असतानाच ओतायचं, म्हणजे धातू अक्षरांच्या टोकापर्यंत जातो. माझे हात थरथरत होते, तर मूस धाकट्या भावाने धरली, मी फक्त "आता" म्हणालो.

साचा दुसऱ्या दिवशी फोडला. "न म सि वा" पूर्ण. "य"ची शेपटी अर्धी भरली नाही. भावाने विचारलं, परत ओतायचं का? टिचकी मारली. साडेसहा. नाही म्हटलं.

२५ मे

लाल करून पाण्यात. श्वास रोखून. दोन्ही शाबूत. भोक लेथवर. अक्षरांमुळे पाठ जड झाली होती म्हणून पोटातून जास्त खरवडावं लागलं. पॉलिश फक्त कडेला आणि आत. पाठ काळीच ठेवली, अक्षरं त्या काळ्यावर उठून दिसतात.

दोरी : आधी नायलॉनची घातली, आवाज दाबला जातो आणि गाठ भोकाच्या कडेला घासते. चामड्याची चकती घातली, ती जाड पडली, नाद चार सेकंदांवर आला. शेवटी आबांच्या टाळाला आहे तशी सुती वेणी, आत लहान गाठ. नाद ७ सेकंद, एकाचा. दुसऱ्याचा सव्वासहा.

खर्च लिहून ठेवतो, कुणाला अंदाज यावा म्हणून. वाया गेलेलं भंगार ६५०, तांबं १,७६०, कथील १,९२०, दोन मुशी ७००, मेण-राळ ५००, स्वामीमलैची मजुरी २,५००, लेथ ३००, कोळसा ४००, बसभाडं ९००. एकूण ९,६३० रुपये. पेठेत टाळजोडी हजाराच्या आत मिळते. प्रत्यक्ष कामाचे दिवस सतरा. कथील थोडं उरलं आहे, तांबंही.

८ जून, तिरुकोलक्का

कुंभकोणमहून साठेक किलोमीटर, मयिलाडुतुरैला बस बदलून सीरकाळी, तिथून चालत. लहानसं देऊळ, पुढे तळं. अय्या सकाळीच आले होते. टाळ आधी देवीपुढे ठेवले. बोलायला न येणाऱ्या पोरांना लोक या देवीकडे घेऊन येतात. आम्ही होतो तेव्हाही एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती.

तेवारमचे दुसरे एक कवी सुंदरर, त्यांनीही पुढे या जागेवर पद केलं आहे, रोज गोड सुरांत तमिळ पसरवणाऱ्या ज्ञानसंबंधराला जगासमोर टाळ दिला तो हा, असं त्यात म्हटलं आहे. अय्यांनी आधी ते म्हटलं, मग संबंधरांचं. पहिल्या ठोक्याला मी सवयीने सेकंद मोजायला लागलो. दगडी मंडपात नाद कुठे संपतो ते कळेना, आकडा चुकला, मग मोजणं सोडून दिलं.

तो मुलगा आईच्या मांडीवरून उठून अय्यांच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला होता. पद संपल्यावर अय्यांनी एक टाळ त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या हातात धरला. मुलाने सपाट आपटला. थप्प. अय्यांनी त्याचं मनगट धरून जरा तिरकं केलं.